आत्या समक्ष हजर करणेबाबत

मुक्काम भोर, नदीकडची नवी आळी,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थरूप सगुणाआत्याच्या पायांवर गेनूचं डोकं. हितं मी खुशाल हाय. तुझा डावा गुडघा कसा हाय ते आधी कळीव, उजव्याचं मागनं कळीवलंस तरी चालंल. तांबडी गाय, परड्यातला वाल अन् कोंडिबादादांचा खोकला हे समदे बरे असतील अशी आशा करतो. केशवराव म्हणत्यात, कागदावर वडीलधाऱ्यांना 'तुमी' लिव्हावं. पर तुला 'तुमी' म्हणलं तर तुला वाटंल पत्र दुसऱ्या कुणाच्या घरचं चुकून आलं, म्हणून 'तू'च लिव्हतोय.

शुद्धलेखनाला कुणी हासू नगा. हे पत्र म्या हातानं लिव्हलेलं न्हाई. मी ज्यांच्या हाताखाली लागलोय ते केशवराव अर्जनवीस, कचेरीच्या दारात टेबल मांडून लोकांचं अर्ज लिव्हून देत्यात, हे तुला ठाऊक हायच. त्यांच्याकडं आता मराठी टायपाचं यंत्र आलंय. एकेक अक्षर हुडकून बोटानं दाबायचं, मंग ते कागदावर उठतंय. केशवराव धा बोटांनी दाबत्यात. माझं एकच बोट शिकलंय, बाकीची नऊ बघत बसत्यात. माझी एक ओळ उठंस्तवर तुझ्या दोन भाकऱ्या थापून, भाजून, फुगून व्हतील. शाळा चौथीतच सुटली, त्याचा ह्यो परिणाम. (कोंडिबादादा, तुमी वाडीतलं एकलेच वाचणारे, म्हणून सांगतो. असं कंसात जे आसंल ते तुमच्यापुरतं. ते मोठ्यानं वाचू नगा. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आलं अन् मला उभं राहून बोलायला सांगितलं, तवा मी खिडकीतनं उडी टाकून घरी आलो, हे आत्याला अजून ठाऊक न्हाई. तिला वाटतंय शाळेला सुट्टी लागली, ती अजून संपली न्हाई.)

पयल्यांदाच सांगतो, हे पत्र तुला हितं बोलवायसाठी न्हाई. तुझं उत्तर मला पाठ हाय. निघताना तुला म्हणलं व्हतं, चल संगं, तर तू उंबऱ्यावर बसून म्हणालीस, "भोरात? तिथं पाय मोकळं करायला जागा न्हाई अन् बोलायला माणूस न्हाई. कोंडून मरायला मी काय टोपल्याखालची कोंबडी हाय व्हय?" त्यावर मी गठुडं उचललं अन् निघालो. पर तवापासनं ज्येष्ठातली तू मला दिसती. डोक्यावर हंडा, ओढ्याची ती निसरडी चढण, अन् तू मधीच बसलेली, 'काय न्हाई रं, जरा टेकले' म्हणत. तू टेकलेली नव्हतीस, पडली व्हतीस. हंडा चेपला व्हता. असो. मी फकस्त माझ्या खोलीची हकीकत सांगतो.

खोली लई ग्वाड हाय आत्ये. गंगाधरपंत म्हणून संस्थानच्या दफ्तरातनं निवृत्त झालेलं कारकून हाईत, त्यांच्या घराच्या अंगणात तीन खोल्या भाड्यानं द्यायला बांधल्यात. त्यातली कडंची माझी. म्होरं पडवी, मागं चुलीची जागा, अन् चुलीवर धूर जायला येवढं धुराडं, की सैपाक करताना रडू येत न्हाई. (मला येतंय, पर ते धुरानं न्हाई, भाकरी बघून.) खिडकी उघडली की खाली नीरा नदी. जमीन शेणानं सारवलेली, भिताडं पांढरी, अन् दार असं की आत जाताना वाकावं लागत न्हाई. पयले आठ दिवस मी वाकूनच जात व्हतो. गंगाधरपंतांस्नी वाटलं पोरगं लई विनयाचं हाय.

अन् ही आळी! हितं समदं माणसाच्या पायाशी आणून ठिवल्यासारखं हाय. म्या पावलं मोजल्यात. पाण्याचा हौद बावीस पावलांवर, अन् वाट सपाट. चढ न्हाई, ओढा न्हाई, शेवाळ न्हाई. पिठाची गिरणी सत्तर पावलं, ती इंजनावर चालती. दाणं टाकले की पीठ हाजीर, जात्याला हात लावायचा न्हाई. मारुतीचं देऊळ चाळीस. दवाखाना एकशेधा, तिथला डागदर गुडघ्याला तांबडं तेल देतो अन् त्याच्या ओट्यावर चार बाया गुडघे धरून दिवसभर एकमेकींला आपापली कळ सांगत बसलेल्या असत्यात. मला त्या बघून तुझी लई आठवण आली. त्यातल्या एकीचा आवाजबी तुझ्यासारखाच, पार नदीपल्याड जाणारा.

आता माझ्या येडेपणाचं ऐक. आपल्याकडं बाजार म्हंजे दिवस उगवायला निघायचं. हितं मला पयला बाजाराचा दिवस आला तवा म्या काय केलं, पहाटंच उठलो, तीन भाकऱ्या थापल्या (गावाची लाज राखायला त्यांस्नी भाकऱ्याच म्हणतो), वर कांदा अन् चटणी, फडक्यात बांधून काठीला अडकवल्या, पायतान आवळलं अन् निघालो. अंगणात सौदामिनीकाकू, म्हंजे गंगाधरपंतांचं कुटुंब, तुळशीला पाणी घालत व्हत्या. त्या म्हणाल्या, "गेनू, कुठे दूरगावी निघालास?"

म्हणालो, "बाजाराला."

"अरे, बाजार या मागच्या बोळाच्या तोंडाशी भरतो. इथून भाजीवाल्यांच्या हाका ऐकू येतात. शिदोरी कसली बांधलीस? तू जाऊन आलास तरी माझी आमटी उकळायची नाही!"

लाजंनं माझं कान तापलं. पर बांधलेली भाकरी परत कशी सोडायची? गेलो. चौऱ्याऐंशी पावलांत बाजार आला. तिथं पोचल्यावर मला समजंना आता पुढं काय करायचं, म्हणून मधोमध उकिडवं बसून तीनीबी भाकऱ्या खाल्ल्या अन् माघारी आलो. मीठ आणायचं राहिलं. काकूंनी आपलं मीठ दिलं, अन् वर म्हणाल्या, "उद्या हौदावर जाशील तेव्हा अंथरूण-पांघरूण घेऊन जा हो." तवापासनं आळीतली पोरं मला बघितलं की, "गेनूदादा, भाकरी घेतली का?" असं इचारत्यात.

दुसरं संकट दारांचं. आपल्या वाडीत दारं अकरा. कुणाच्याबी दारावरनं जाताना, "कुठं निघालास रं?" असं आतनं येणार. मंग आपण थांबायचं, हातातलं खाली ठिवायचं, कुठं, कशापायी, माघारी कवा ते सांगायचं, त्यांच्या म्हशीची चौकशी करायची, अन् मंगच पाऊल उचलायचं. तसंच निघून गेलो म्हंजे त्या घराशी बोलणं टाकलं. हितं माझ्या दारापासनं चौकापातुर एकोणचाळीस दारं! अन् सांजच्याला हरएक ओट्यावर एकेक माणूस, अन् हरएक माणूस, "कुठं निघालास?" मी काडेपेटी आणायला निघालो व्हतो. पयल्या ओट्यावर थांबलो, पिशवी खाली ठिवली, सांगितलं. दुसऱ्यावर थांबलो. म्हशी कुणाकडंच न्हाईत, म्हणून मांजरांची चौकशी केली. मला एका माणसाशी बोलायचं म्हणलं तरी घाम फुटतो, तर तू एकोणचाळिसांचा हिशेब कर. चौकात पोचलो तवा दुकानदार फळ्या लावून घरी निघाला व्हता. त्यानंबी इचारलं, "कुठं निघालास?" म्हणालो, "तुमच्याकडंच."

दुसऱ्या दिवसापासनं मी आळी टाळून नदीच्या वाळूतनं, स्मशानाच्या मागनं, आंबराईला वळसा घालून दुकानात जाऊ लागलो. शंभर पावलांची वाट म्या पाऊण कोसाची केली. शेवटी सखा शिंप्याची बायको अंबूबाई हिनं मला वाळूत गाठलं. ती म्हणाली, "मेल्या, आमच्या आळीनं तुझं काय घोडं मारलंय?" म्या मान खाली घालून समदं सांगितलं. तर ती वाळूत मटकन बसली अन् पोट धरून हासाय लागली. "अरं खुळ्या, कुणी इचारलं की 'हितंच' म्हणायचं अन् चालायला लागायचं! कुठंबी जा, पुण्याला जा, काशीला जा, 'हितंच' म्हणायचं!" आत्ये, ह्या एका शबदानं माझा जलम सुधारला. आता मी बाणासारखा जातो. डाव्या बाजूला 'हितंच', उजव्या बाजूला 'हितंच', अन् लोक खूश. पर तुला सांगतो, तू येणार न्हाईस ते ठाऊक हाय, तरी हितं आलीस तर तुला 'हितंच' म्हणायची गरज न्हाई. तुला एकोणचाळीस ओटे हाईत, अन् तुला समदं सविस्तर सांगायला आवडतंय. तुझं एक वरीस मजेत जाईल.

आता जे सांगायचं टाळत व्हतो ते सांगतो. ही खोली मिळाली कशी? गणपतीच्या आधी केशवराव मला संगं घेऊन हितं आले. काकू दारात उभ्या. त्यांनी मला पायापासनं डोक्यापातुर बघितलं अन् म्हणाल्या, "सड्या माणसाला आम्ही जागा देत नाही. घरात बाईमाणूस आहे ना याच्या?" म्या मान हालिवली. खोटं हालिवली न्हाई. घरात तू हाईस. "ती इथे येणार ना?" म्या परत हालिवली. "कधी?" आता मान हालवून भागंना. तवा तोंडातनं गेलं, "भात झोडून झालं की." तेवढं बोलून माझं तोंड लाल झालं, अन् काकू आत वळून पंतांना म्हणाल्या, "लाजतोय बघा. लग्न नवीनच दिसतंय."

आत्ये, त्याच येळी म्या सांगाय पाहिजे व्हतं. पर केशवरावांनी किल्ली घेतली, काकूंनी माझ्या हातावर गूळ ठिवला, अन् तोंडात गूळ असताना कसं बोलायचं? दुसऱ्या दिवशी आळीभर झालं, गेनूची बायको भात झोडून झालं की येणार. काकूंनी चुलीजवळ एक खुंटी ठोकून दिली, "तिला लुगडं वाळत घालायला हो." समोरच्या घरातनं एक पाट आला. अन् अंबूबाई टेप घेऊन आली! म्हणाली, "पोरगी नवी येणार, मी एक चोळी शिवून ठिवते. दंडाचं माप सांग." मी लाजंनं मेलो. माझ्या डोळ्यांम्होरं दंड एकच, तुझा, हंडा पेलणारा. म्या दोन्ही हातांचं कडं करून दाखिवलं. अंबूबाई कड्याकडं बघत राहिली. म्हणाली, "येवढा? पोरीला बापानं काय खायला घातलंय रं?" तवापासनं आळीत दबदबा हाय. कुणी म्हणतंय गेनूची बायको पैलवानाची लेक हाय, कुणी म्हणतंय तिनं राजगडाच्या पायथ्याला रानडुक्कर आडिवलं. मी कायबी बोललो न्हाई. तू त्या डुकराला काठी मारली व्हतीस ते खरंच हाय की.

दसरा गेला, दिवाळी गेली. काकू रोज सकाळी इचारायच्या, "काय रे, झालं का भात झोडून?" अन् मी, "अजून थोडं हाय." शेवटी त्या म्हणाल्या, "अख्ख्या संस्थानाचं भात तुमच्याच खळ्यावर पडतंय वाटतं!" अन् परवा एक नवा कारकून किकवीहून आला, खोली बघायला. संगं बायको. जिवंत, हासती-बोलती, डोक्यावर पदर. काकूंनी तिला कुंकू लावलं अन् माझ्या खोलीकडं बघितलं. मला समजलं, आपली खोली चालली. अन् संगं बावीस पावलांचा हौदबी चालला. (कोंडिबादादा, हौद माझ्यापायी न्हाई. मी वाहत्या पाण्यातनं हंडा आणीन. तुमाला ठाऊक हाय कुणापायी. हे मनातच वाचा.)

तोंडानं सांगणं माझ्या हातनं व्हणार न्हाई हे मला ठाऊक व्हतं. तीनदा अंगणात गेलो, तीनदा काकू म्हणाल्या, "काय रे?" अन् तीनदा मी म्हणालो, "हितंच." तवा मला सुचलं. कचेरीच्या दारात लोक येत्यात, त्यांस्नी साहेबाम्होरं बोलता येत न्हाई, म्हणूनच तर केशवराव अर्ज लिव्हत्यात. मंग मी माझाच अर्ज का करू नये? दुपारी केशवराव जेवाय गेल्यावर यंत्रावर बसलो. त्याची नक्कल अशी:

"मेहेरबान घरमालक गंगाधरपंत यांचे सेवेशी. अर्जदार गेनू वल्द रखमाजी, राहणार मौजे गुंजवणे, हल्ली वस्ती आपलेच खोलीत, विनंती अर्ज करितो ऐसा जे, अर्जदारास बायको नाही. पूर्वीही नव्हती. अर्जदाराने मान हलविली ती आत्याबद्दल हलविली. सबब बायको येणार ही बातमी रद्द समजावी, खुंटी परत घ्यावी, व चोळीबाबत अर्जदार निर्दोष आहे. खोलीबाबत मेहेरबानांस योग्य वाटेल तो हुकूम व्हावा. कळावे, हा अर्ज."

पंतांच्या झोपाळ्यावर त्यांच्या चष्म्याचं घर असतं, त्यात घडी करून ठिवला अन् खोलीत जाऊन दार लावून बसलो.

आत्ये, गंगाधरपंतांनी एकतीस वर्सं दफ्तरात काढल्यात. निवृत्त झाल्यापासनं त्यांच्या नावानं एकबी कागद आला नव्हता. काकू सांगत व्हत्या, अर्ज दिसल्यावर ते झोपाळ्यावरनं उठूनच उभे राह्यले. त्यांनी तो झोपाळ्यावर बसून वाचला न्हाई. आत गेले, काळा कोट घातला, पगडी घातली, दौत-टाक काढला, तांबडी शाई कालवली, अन् कागदाच्या कोपऱ्यात लिव्हलं, 'आवक नंबर एक'. मंग ओट्यावर बैठक घालून मोठ्यानं पुकारा केला, "अर्जदार गेनू वल्द रखमाजी हाजीर आहे काय?"

येवढा आवाज, की एकोणचाळीसच्या एकोणचाळीस दारांतनं माणसं बाहेर आली. मी दाराच्या फटीतनं बघत व्हतो. अंबूबाईनं येऊन कडी वाजिवली अन् मला दंडाला धरून ओट्याम्होरं उभा केला.

पंतांनी चष्मा पुसला. "अर्जदार म्हणतो, बाईमाणूस म्हणजे आत्या. आता प्रश्न असा, की आत्या ही बाईमाणूस या सदरात मोडते काय?"

आतनं काकू म्हणाल्या, "मोडते! न मोडायला काय झालं? मी काय तुमच्या कचेरीतून दाखला आणून बाई झाले?"

"मधे बोलू नये. अर्जदाराने इतके दिवस खुलासा का केला नाही?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हतो. अंबूबाई म्हणाली, "पंत, त्याला खुलासा करता आला असता तर त्यानं कागद का रंगविला असता? ह्याला नुसतं 'हितंच' म्हणाय शिकवायला मला दोन दिवस लागले! अन् म्हणूनच म्हणते मी, पोरीचा दंड येवढा कसा! आता चोळी उसवू का ठेवू ते सांगा."

काकू म्हणाल्या, "ठेवा. बाई येईल ती घालील."

मंग पंतांनी तांबड्या शाईनं सावकाश हुकूम लिव्हला. त्यांचं अक्षर आत्ये, मोत्यासारखं. त्यो कागद या पत्रासंगं जोडलाय. कोंडिबादादा, ह्यो भाग मोठ्यानं अन् उभं राहून वाचा:

"अर्जदाराने आपली आत्या नामे सगुणाबाई हिला येत्या चंपाषष्ठीचे आत या कचेरीसमोर समक्ष हजर करावे. कसूर झाल्यास जागेबाबत फेरविचार करण्यात येईल. सदर आत्येने येताना कोंबड्या आणू नयेत. कोंबड्यांबाबत अपील चालणार नाही."

कोंबड्यांचं कलम काकूंनी घालाय लावलं. त्यांच्या घरात चालत न्हाई. त्यांची विहीरबी येगळी, तिला आपण हात लावायचा न्हाई, पर हौद समद्यांचा हाय. तांबडीला अन् कोंबड्यांस्नी कोंडिबादादांकडं ठिव. (कोंडिबादादा, ठिवायच्या म्हंजे ठिवायच्याच. म्या मोजल्यात.)

तवा आत्ये, माझा विलाज न्हाई. मी बोलवीत न्हाई, हुकूम बोलिवतोय. तू हुकूम कवा मोडला न्हाईस. तलाठ्याचा साधा कागद आला तरी तू डोक्याला लावून देव्हाऱ्यात ठिवतीस. संगं फार आणू नगंस. तुझी घोंगडी, तुझा चेपलेला हंडा, अन् थोडं नवं भात. जातं आणू नगंस, गिरणी हाय. काठी आण. तू हितं आल्यावर पंतांम्होरं उभी राहशील अन् जे म्या बोलाय पाहिजे व्हतं ते समदं तू बोलशील, येवढीच मला आशा.

तुझ्या गुडघ्यास शिरसाष्टांग नमस्कार. लहानथोरांस यथायोग्य.

तुझा,
गेनू

ताजा कलम. टपालानं पत्र पोचाय आठ दिवस लागतील, म्हणून सावळारामच्या गाडीवर देतोय. तो नसरापूरला गूळ उतरवून, एक मुक्काम करून, तुझ्याकडं येतोय. गाडी मोकळी माघारी येणार हाय. त्यात पेंढा लई टाकाय सांगितलाय, गुडघ्याखाली घ्यायला. म्हंजे तू हे ऐकत असशील तवा गाडी दारात उभी हाय. बैलांस्नी पाणी दाव. तुला नगं असलं तर तसंच सावळारामला सांग, तो मोकळा येईल. तो कायबी म्हणणार न्हाई. तो माझ्यापरीस कमी बोलतो.

आणखी एक ताजा कलम. केशवरावांनी कोंडिबादादांस्नी कचेरीत कागद वाचताना बघितलंय. ते आत्ताच म्हणाले, त्यांस्नी मनातल्या मनात वाचता येतच न्हाई, त्यांचं ओठ बंद झालं की डोळंबी बंद व्हत्यात. म्हंजे तू कंसातलं समदं ऐकलंस. मंग आता लपवून तरी काय करू?

आत्ये, तो हुकूम खरा न्हाई. म्हंजे पंतांनीच लिव्हलाय, तांबड्या शाईनंच, पर तो दुसरा हुकूम. पयला त्यांनी असा लिव्हला व्हता, 'अर्ज मंजूर, जागा अर्जदाराकडे कायम, आत्या येवो वा न येवो.' काकूच म्हणाल्या, "राहू दे हो पोराला, सडा असला तरी खिडकीतून नदीकडे बघण्यापलीकडे काही करत नाही." किकवीचा कारकून शेजारच्या मोकळ्या खोलीत बिऱ्हाड घेऊन राह्यलाय. माझी खोली कुठं जात न्हाई. समदी आळी उठून घरी निघाली व्हती. तवा मी बोललो. खरंच बोललो आत्ये, मोठ्यानं, एकोणचाळीस दारांम्होरं. म्हणालो, "पंत, हा हुकूम नगं. नुसतं ये म्हणलं तर ती येणार न्हाई. ती म्हणंल, काय न्हाई रं, जरा टेकले. ती तिथं एकलीच त्या चढणीवर पाणी भरती. तिला सरकारी कागदच पायजे. माझी खोली काढून घेतो असं लिव्हा."

कुणीबी हासलं न्हाई. काकू उगंच आत गेल्या अन् भांडी वाजवाय लागल्या. पंतांनी पयला शेरा एक रेघ मारून खोडला, अन् चष्मा कपाळावर सारून मला इचारलं, "मुदत किती घालू?"

म्हणालो, "गुडघा हाय. जरा सैल घाला."

आता तू ठरीव. हुकूम नगं असला तर फाड, पर ये.

तिसरा ताजा कलम. पत्राची घडी घालत व्हतो, येवढ्यात निरोप आला, केशवरावांस्नी जुळ्या मुली झाल्या. केशवराव टोपी यंत्रावर टाकून, चपला उलट्या घालून घराकडं पळालेत, अन् त्यांच्याम्होरं बसलेला म्हातारा, ज्याचा अर्ज अर्धाच झालाय, तो आता खुर्ची सरकवून माझ्याकडं तोंड करून बसलाय अन् म्हणतोय, "हं, लिव्हा पुढं."